दीड वाजताचं आकाश

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज पहिल्यांदा आमचा साखर कारखाना वरून दिसला. चिमणी किंवा इमारत नव्हे. गेल्या हंगामातले चव्वेचाळीस निरभ्र दिवस एकावर एक ठेवल्यावर नकाशात एक फिकट नारिंगी चौकोन उरला, तो नेमका कारखान्यावरचा. पूर्वेला परळीच्या वीज केंद्राचा डाग एवढा मोठा की त्याच्याशेजारी हा म्हणजे भिंतीला तेलकट बोट लागावं इतकाच. तरी उठून घरात दोन चकरा मारल्या. दाखवायला कुणी नव्हतं. यांची बदली जालन्याला झाल्यापासून रविवार असेच जातात.

स्वतःसाठी लिहून ठेवते, म्हणजे पुढे मीच फुगवून सांगणार नाही. उपग्रहावरचं यंत्र धूर बघत नाही. जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश तपासतं. नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू निळ्या उजेडातला काही भाग खातो. जेवढा उजेड कमी परतला तेवढा वायू वाटेत होता, असा हिशेब. राख नाही, काजळी नाही. जिथे काही जळतं तिथे हा वायू असतो, एवढ्यावर सगळा भरवसा. शिवाय परळीकडून वारा असेल ते दिवस मी सोडून देते. सोडताना हात आखडत नाही ना, हे दोनदा तपासलं.

परवा मोळी टाकून यंदाचा हंगाम सुरू झाला. तालुका दुष्काळी जाहीर झालाय. ऊस किती दिवस पुरेल ते कुणी सांगत नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. दुपारच्या सुट्टीत छबुबाई आल्या. या खापरवाडीच्या आशा सेविका. ऊसतोड कामगारांच्या लेकरांची वजनं घ्यायची होती, त्यांचा काटा बिघडलेला, म्हणून आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मागायला. काटा नाजूक आहे, म्हणून मीच बरोबर गेले.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून, उताराच्या तोंडाशी, त्यांच्या सव्वीस कोप्या आहेत, पाचटाच्या झोपड्या. तिथे कारखान्याचा नळ आहे, म्हणून तिथेच. वजनं चालू असताना एका कोपीतून कुणी म्हणालं, "मंजे, वळखलं न्हाईस?"

सरू. खापरवाडीच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर. आठवीत मी अंबाजोगाईला मावशीकडे आले आणि तिचं लग्न झालं. तीस हंगाम ऊस तोडलाय म्हणाली. दरवर्षी कर्नाटकाकडे जायची टोळी, यंदा तिच्या छातीमुळे नवऱ्याने, हरिबाने, जवळचाच कारखाना धरला. दमा आहे. आडवं झालं की गुदमरतं, म्हणून कोपीच्या मेढीला टेकून बसून झोपते. वाक्य पूर्ण करताना मध्ये थांबते. मला वाटलं, आठवतेय. नंतर कळलं की श्वास घेतेय.

"धुरानं होतंय," छबुबाई म्हणाल्या. त्यांनी तहसीलदारांकडे अर्ज दिलाय: कोप्या वरच्या माळावर हलवाव्यात आणि कारखान्याने तिथे रोज एक टँकर पाणी द्यावं. चिमणीतली राख धुणारा पाण्याचा फवारा दुष्काळामुळे बंद आहे, असंही त्यात लिहिलंय.

मला मात्र हवा स्वच्छ वाटली. चिमणीतून पांढुरका धागा निघत होता, तोही सरळ वर. उसाच्या बैलगाड्या कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत उभ्या, बैल रवंथ करत होते. मी सरूला विचारलं की चूल कोपीत पेटवतेस की बाहेर. ती म्हणाली बाहेर. मी आतल्या आत ठरवलं होतं की चुलीमुळेच असणार, म्हणून थोडी निराश झाले. हे चांगलं नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस ढग. अवकाळी आला, तोही शिंतोडे. ढगाखालचं यंत्राला दिसत नाही. दुष्काळी तालुक्यात ढग आल्यावर वैतागणारी मी एकटीच असेन.

४ डिसेंबर, सोमवार

चेअरमन आबासाहेबांनी कारखान्यावर बोलावलं. कॉलेज त्यांच्याच संस्थेचं, त्यामुळे कडक बोलतील असं धरूनच गेले. पण माणूस नीट बोलला. तहसीलदारांनी छबुबाईंच्या अर्जावर खुलासा मागवलाय. माझ्या अभ्यासाबद्दल त्यांना प्राचार्यांकडून कळलं होतं.

"मॅडम, आमच्या बाजूनं लिहा असं मी म्हणणार न्हाई. जे दिसतं ते लिहा. आमचं चुकत असंल तर तसं लिहा."

हे वाक्य मी परतीच्या एस.टी.त मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी सांगितलं नव्हतं.

मुख्य अभियंता विठ्ठलराव तिथे बसले होते. त्यांना यंत्र कसं काम करतं ते समजून घ्यायचं होतं. मी काचेच्या ग्लासात हळदीचं पाणी करून मागवलं, त्यातून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड कागदावर पाडला आणि दाखवलं की निळा भाग हळदीने खाल्ला म्हणून उजेड पिवळा दिसतो. ते खूश झाले. नेमके प्रश्न विचारले: ढग असले तर? रात्री चालतं का? रोज येतो का, एकाच वेळेला? मी सांगितलं, रोज येतो, पावणेएक ते सव्वादोनच्या मध्ये, बहुतेक दीडला. रात्री उजेडच नाही तर काय मोजणार. त्यांनी ते डायरीत टिपून घेतलं.

माझ्या विषयात इतका रस घेणारा माणूस फार दिवसांनी भेटला.

१८ डिसेंबर, सोमवार

आकडे उतरतायत. नोव्हेंबरात गेल्या वर्षीपेक्षा पावपट कमी होते, डिसेंबराच्या या पंधरवड्यात जवळजवळ निम्मे. आधी वाटलं मोजण्यात चूक आहे. सगळं पहिल्यापासून केलं. तेच आलं.

कारखान्याच्या ऑफिसातून गाळपाची माहिती मागवली. गाळप गेल्या वर्षीच्या सत्तर टक्के. म्हणजे तीस टक्क्यांची घट समजते. उरलेली कशाने? यंदा गाळून उरलेलं चिपाड जास्त कोरडं असेल आणि बॉयलरमध्ये चांगलं जळत असेल. असू शकतं. खात्री नाही. समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

३ जानेवारी २०२४, बुधवार

पत्र लिहिलं. पाचव्यांदा. पहिल्या पानावर निष्कर्ष: कारखाना परिसरावरील नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण गत हंगामाच्या याच काळाच्या तुलनेत सुमारे एकेचाळीस टक्क्यांनी कमी आढळले. दुसऱ्या पानावर मर्यादा: हा वायू म्हणजे राख नव्हे, हे मोजमाप जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचे आहे, नाकाशी किती ते यातून कळत नाही, दररोज साधारण दीड वाजता घेतलेले आहे.

मर्यादा पहिल्या पानावर घ्याव्यात का, यावर एक तास गेला. घेतल्या तर निष्कर्ष कुणी वाचणार नाही असं वाटलं. हा विचार कुणासाठी केला? वाचणाऱ्यासाठी, की माझा आकडा वाचला जावा म्हणून?

सही केली.

९ जानेवारी, मंगळवार

ग्रामपंचायतीत बैठक झाली. तहसीलचे अव्वल कारकून आले होते. मला वाटत होतं आबासाहेब पहिलंच पान वाचतील. तसं नाही. त्यांनी दोन्ही पानं वाचली, शब्द न शब्द, सावकाश. दुसऱ्या पानाला लोक आपसात बोलायला लागले होते. शेवटी कारकुनांनी विचारलं, "म्हणजे कमी झालंय ना?" मी म्हणाले, "हो, पण..." आणि पणच्या पुढचं मी दुसऱ्या पानावर लिहिलेलंच होतं, तेच पुन्हा सांगितलं. अर्ज निकाली काढला.

बाहेर छबुबाई चपला घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, कागूद लई शाना हाय तुमचा. फकस्त त्याला नाक न्हाई."

मला राग आला. घरी येईपर्यंत टिकला. आत्ता लिहिताना नाही.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. दुपारी तिळगूळ घेऊन कोप्यांवर गेले. टोळ्या फडात होत्या. सरू दोन दिवस कामावर गेलेली नव्हती. तिच्या जागी हरिबाबरोबर दुसऱ्याची सून जाते. तिने माझा तिळगूळ घेतला आणि स्वतःकडचा दिला.

"तू लिव्हलंस म्हणं, धूर कमी झाला म्हणून."

मी हो म्हणाले.

"तुपलं अक्षर पयल्यापासून चांगलं."

टोमणा होता का? चेहऱ्यावरून वाटला नाही. चारची एस.टी. गाठायची होती, निघाले. वाटेत तिळगुळाचा लाडू उघडला तर त्यावर काळे कण. झटकले तर चिकटून रेघा उमटल्या. बोटाला तेलकट लागत होतं.

२८ जानेवारी, रविवार

उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

साडेचारला छबुबाईंचा फोन आला. सरूला धाप लागलीय, तुमच्याकडे गाडी आहे का. यांची जुनी स्कूटर काढून निघाले. कारखान्यापाशी पोचले तेव्हा सहा वाजायला आले होते. मी या रस्त्याने सहा वर्षं कॉलेजला जातेय, पण चारच्या एस.टी.ने परतते. या वेळेला इथे कधी नव्हते.

चिमणीतून काळा लोट निघत होता. वर जात नव्हता. थोडा चढून वाकत होता आणि भिंतीवरून उताराला येऊन कोप्यांवर अंथरल्यासारखा पसरत होता. ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीचा आवाज दूरपर्यंत. काट्यासमोर चाळीसेक गाड्या, बैलांच्या पाठी काळ्या. बायका ओल्या फडक्याने लेकरांची तोंडं झाकून बसल्या होत्या. परातीतल्या पिठावर झाकण, हंड्यावर झाकण, सगळ्याला झाकण. हे त्यांचं रोजचं आहे हे त्या झाकणांवरून कळलं.

सरू पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकवून बसलेली. तिचे श्वास मोजले: मिनिटाला बत्तीस. ओठ निळे नव्हते. छबुबाईंनी श्वासातून ओढायचं औषध दिलेलं होतं. अंबाजोगाईला दवाखान्यात नेऊ म्हणाले तर मानेनेच नको. अर्ध्या तासाने जरा बरं वाटलं.

टोळीचा मुकादम सुग्रीव बाहेर उभा होता. त्याला विचारलं, हे रोज असंच?

"दिवाळीपासून. ऊसच न्हाई तर दिसभर काय गाळतेत? सकाळी तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरून इथं यायला चार-पाच वाजतेत. मंग सांजंला सुरू. पहाटंपस्तोर चालतंय. सकाळी नवाला थंड."

"आणि दुपारी?"

"दुपारी काय, बंदच. डिसेंबरापासून तर सकाळच्या गाड्या आल्या तरी चारपस्तोर काटा करतच न्हाईत. बैलं उन्हात मरतेत. कावून म्हणून इचारलं तर म्हणले, वरून हुकूम हाय."

मी बीड जिल्ह्यात जन्मले. माझ्या वर्गातली निम्मी लेकरं ऊसतोड्यांची. गाड्या संध्याकाळी कारखान्यावर येतात हे मला शेंबडं पोर सांगू शकलं असतं. मी विचारलंच नाही. नोव्हेंबरात, संक्रांतीला, दोन्ही वेळा त्या रांगेतल्या बैलांकडे बघून गेले.

२९ जानेवारी, सोमवार

विठ्ठलरावांना भेटले. चहा मागवला त्यांनी. म्हणाले, थोडा थोडा ऊस दिवसभर गाळला तर बॉयलर तापवण्यातच चिपाड संपतं. साठवून एकदम गाळलेला बरा, दुष्काळात कुठलाही कारखाना हेच करील. बरोबर आहे. मी तांत्रिक चूक काढू शकले नाही. मग दुपारचे चार तास सकाळच्या गाड्या का अडवता, हे विचारायचं होतं. ते विचारण्याआधी मी म्हणाले, "मी तुम्हाला दीडची वेळ सांगितली होती." ते हसले. "मॅडम, तुम्ही सांगितलं ते सगळं मला पाठ आहे. तो हळदीचा प्रयोग मी घरी मुलीला दाखवला."

तिथून निघाले. अडवण्याचा प्रश्न विचारलाच नाही हे गेटबाहेर आल्यावर लक्षात आलं. भीती वाटली का? की उत्तर मिळालं तर ती वेळ मीच त्यांच्या हातात दिली हे पक्कं होईल म्हणून?

डिसेंबरातले आकडे पुन्हा काढले. मोठा उतार सात तारखेनंतरचा, म्हणजे मी वेळ सांगितल्यावर तीन दिवसांनंतरचा आहे. त्याच आठवड्यात उसाची नोंद झालेले दोन फड संपले, हेही खरं आहे. दोन्ही खरं असू शकतं.

१ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळचं मोजमाप कुठल्या दुसऱ्या उपग्रहाकडून मिळतं का ते शोधलं. आपल्या भागावरचं, या वायूचं, सूर्य मावळल्यावरचं, कुठेच नाही. तेव्हा "प्रदूषण वाढलं" असं मी लिहू शकत नाही. एवढंच लिहू शकते की माझ्या पहिल्या पत्रावरून "कमी झालं" असं म्हणता येत नाही. हे वाचून कोण काय करणार?

तरी लिहिलं. एकच पान. यात दुसरं पान ठेवलंच नाही. तहसीलला पोच घेऊन दिलं, एक प्रत कारखान्याला.

५ फेब्रुवारी, सोमवार

आबासाहेबांनी बोलावलं. दोन्ही पत्रं समोर, शेजारी शेजारी.

"पहिल्या पत्रातला आकडा चूक व्हता का?"

"नाही. आकडा बरोबर आहे."

"मग चुकलं काय?"

"तुमचा प्रश्न दिवसभराच्या धुराचा होता. माझ्याकडे फक्त दुपारचं उत्तर होतं."

"मग दुपारचं उत्तर दिवसभराचं म्हणून दिलंत कावून? मी तर म्हणलं व्हतं, दिसंल ते लिहा."

ते चिडले नाहीत. म्हणाले, दोन्ही कागद फायलीत राहतील. तहसीलला तिसरं मत मागवावं लागेल, तोपर्यंत ऊस संपेल. कोप्या हलवायला त्यांची ना नाही, पण टँकर देणार नाहीत. कारखान्याच्या कॉलनीलाच आठ दिवसांआड पाणी आहे. तेही खोटं नव्हतं.

मग म्हणाले, "तुमचे वडील आमचे मास्तर. चुकलेलं पाटीवर सगळ्यांसमोर पुसायचे." मला वाटलं शाबासकी देतायत. प्राचार्यांचं पत्र दुपारीच आलं: पुढच्या महिन्यातल्या पुण्याच्या कार्यशाळेची माझी परवानगी तूर्त थांबवली आहे.

छबुबाईंना फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या दोन पत्रांपरीस एक टँकर बरा व्हता. असो. आता कोप्यांवर जाऊन तुमच्या तोंडानं सांगा. कागूद नको."

११ फेब्रुवारी, रविवार

गेले तीन दिवस संध्याकाळी सहा ते आठ वरच्या माळावर उभी राहिले. माळ कोप्यांपेक्षा चाळीसेक हात उंच आहे. धूर पायथ्याशी पसरतो, तिथून उताराच्या बाजूने जातो. तीनही दिवस वर आला नाही. चौथ्या दिवशी येणार नाही असं नाही.

आज अंधार पडायच्या आत कोप्यांवर गेले. टोळी नुकती फडातून आली होती. सगळे जमले. मी सांगितलं: माझं यंत्र दुपारी वरून जातं. तेव्हा कारखाना बंद असतो. म्हणून हवा स्वच्छ दिसली. थंडीत सांजेला खालची हवा गार आणि जड होते, धूर वर चढू शकत नाही, तो तुमच्या अंगावर बसतो. मी हे आधी बघायला हवं होतं. मी आले तेव्हा दुपारचीच आले.

सरू मेढीला टेकून ऐकत होती. "म्हंजी तुपलं यंत्र आन् तू," तिने श्वास घेतला, "दोघंबी दुपारचेच पाव्हणे."

सगळे हसले. मीही. त्यानंतर बोलणं सोपं गेलं.

माळाचं सांगितलं. सुग्रीवने विचारलं, "तिथं धूर येणार न्हाई, लिहून देता?"

"नाही. तीन सांजा मी तिथं उभी राहिले आणि मला खोकला आला नाही. एवढंच सांगू शकते."

"हे बरंय. आदी लिहून देत व्हत्या, आता लिहून देत न्हाईत."

खरा प्रश्न पाण्याचा. इथे नळ आहे. माळावर काही नाही. गावातल्या टँकरच्या हौदापासून जाऊन-येऊन दीड मैल, चढाचं. फडातून दमून आलेल्या बायकांनी ते वाहायचं. एकीने स्पष्ट म्हटलं, एकीच्या दम्यापायी सव्वीस घरांनी पाणी का वाहावं? तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. सरू म्हणाली, नका जाऊ गं बायांनो, मी बसून झोपते, सवय झालीय.

कोपऱ्यात चतुराबाई बसली होती, मांडीवर दोन महिन्यांची नात. सून फडात जाते, म्हणून लेकरू हिच्याकडे. तिने सरूकडे बघून म्हटलं, "तुह्यासाठी कोण चाललंय? मी हिच्यासाठी चालले." आणि उठून भांडी पोत्यात भरायला लागली. कुणाला विचारलं नाही, कुणाची वाट बघितली नाही. तिच्या लेकाने मुकाट्याने कोपीची पाचट उतरवली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

अकरा कोप्या वर गेल्या. पंधरा खाली राहिल्या. सुग्रीवची खालीच; काट्याजवळ राहावं लागतं म्हणतो. सरू आणि हरिबा वर आहेत. सुग्रीवने कारखान्याला निरोप दिला की सकाळच्या गाड्या सकाळी घेणार नसाल तर टोळी तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कारखान्याला जाईल, तिकडे ऊस आणि तोडणीची माणसं शोधत फिरतायत. कालपासून दहाला काटा सुरू झाला.

सवयीने नकाशा काढला. जुनी जागा आणि माळ एकाच चौकोनात येतात. काल दुपारी चौकोन थोडा गडद झालाय. वरून बघणाऱ्याला वाटेल, कारखाना बिघडला.

१८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी होती, म्हणून चारलाच माळावर गेले. सरू हंडा घेऊन हौदाकडे निघाली होती. चढ तिला झेपत नाही. मध्ये तीनदा बसते. मी तिच्या हातून हंडा घेतला. ती नको म्हणाली नाही, हे मला लागलं आणि बरंही वाटलं. दोन खेपा केल्या. डोक्यावर हंडा घ्यायची माझी सवय गेलीय, कमरेवर घेतला, साडी चिंब झाली.

"मास्तराची लेक," ती रांजणात डोकावून म्हणाली, "निम्मं तर वाटंला पाजलंस."

मी म्हणाले, पुढच्या रविवारी एक खेप जास्त करीन. ती म्हणाली, रविवारचंच का पितो आमी? खाली भोंगा झाला, लोट निघाला, वाकला, राहिलेल्या पंधरा कोप्यांवर पसरला. तिथल्या एका कोपीपुढे कुणीतरी परातीवर झाकण ठेवताना दिसत होतं. चतुराबाईने नातीला पाठीवर घेतलं आणि त्या बाजूला पाठ करून बसली.

सरू मला शाळेतल्या बाईंचं काहीतरी सांगत होती. सांगता सांगता कलंडली. उशाला उसाच्या हिरव्या वाढ्यांची पेंढी होती, तिच्यावर डोकं टेकलं आणि वाक्य अर्धंच राहिलं. मी घाबरून वाकले. झोपली होती. आडवी. हरिबा काही विचारायला कोपीत वाकला, तिला बघून तसाच मागे सरला आणि बाहेर जाऊन बैलांना उगीच पुन्हा वाढे टाकत राहिला.

सव्वासात झाले होते. घड्याळ काढलं आणि तिच्या पोटावरच्या पदराकडे बघत श्वास मोजले. पूर्ण एक मिनिट. चोवीस.

निरोगी माणसाचे सोळा ते वीस असतात. शिवाय ती चढाने दमलेली होती, आज वाराही जरा जास्त होता, आणि मी एकदाच मोजलंय. उद्या याच वेळी पुन्हा जाईन. आधी खालच्या कोप्यांवर.